नावाची पट्टी

शाळेला दीडशे वर्षं झाली म्हणून छापलेलं इतिहासाचं जाडजूड पुस्तक शालनताईंनी शिवणखोलीतच उघडलं. इंग्लंडातल्या त्या निवासी शाळेत मुलांच्या शर्टांना, मोज्यांना, टॉवेलांना नावाच्या पट्ट्या शिवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. ज्याच्या नावाची पट्टी, त्याची वस्तू, हा तिथला जुना नियम.

पुस्तकात सगळे मुख्याध्यापक होते, क्रिकेटचे कप्तान होते, एका मुख्याध्यापकांच्या लंगड्या कुत्र्याचंही नाव होतं, रूफस. शेवटून तिसऱ्या पानावरच्या एका फोटोत शालनताई मशीनवर वाकलेल्या दिसत होत्या. खाली छापलं होतं, 'शिवणखोलीतली एक मदतनीस'.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुत्र्याला नाव, आणि मी 'एक'?

समारंभासाठी शाळेचा उसवलेला झेंडा टेबलावर दुरुस्तीला आला होता. त्यांनी तो नीट शिवला. मग कोऱ्या पट्टीवर लाल दोऱ्याने स्वतःचं पूर्ण नाव भरलं आणि ती पट्टी झेंड्याच्या कोपऱ्यात दुहेरी टाक्यांनी पक्की केली.

सकाळी मुख्याध्यापक झेंडा न्यायला आले. पट्टी दिसताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे काय केलंत तुम्ही?"

"नियम तुमचाच आहे, सर. पट्टी माझी, म्हणून झेंडा माझा." शालनताईंनी झेंड्याची घडी करून ती आपल्या पिशवीत ठेवली. "समारंभाला हवा असेल तर माझं नाव घेऊन मागा."

मुख्याध्यापक पट्टीवरचं नाव पुन्हा वाचता येतं का ते पाहायला पिशवीकडे वाकले.

शालनताईंनी पिशवीची चेन ओढून बंद केली.