कॉलरची चव

वकिलांनी अंगातला शर्ट उतरवला आणि इस्त्रीवाल्याच्या टेबलावर आपटला. भर दुपारी, भर रस्त्यात, वकील बनियनवर. कॉलरच्या घडीतून एक मुंगी निघाली, तिच्यामागून दुसरी, आणि मग सगळं खानदान.

वकिलांचं म्हणणं असं, की कोर्टात बोलणं ऐन रंगात आलं होतं आणि मानेवर काहीतरी चालायला लागलं. एकदा खांदा उडवला, दोनदा उडवला. शेवटी न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं, साहेब, बोलताय की नाचताय? समोरचा पक्षकार हसला ते एक वेळ ठीक. आपलाही हसला.

"काय मारतोस रे तू कपड्यांवर?"

"पाणीच साहेब. दुसरं काही नाही. आईशप्पथ."

इस्त्रीवाल्याची बायको नुकतीच डबा घेऊन आली होती. ती स्टुलावर बसून ऐकत होती. दुकान पत्र्याचं, डोक्यावर ऊन, हाताखाली तापलेली इस्त्री. त्यापेक्षा भट्टीतला पाव सुखी. गेल्या आठवड्यात हा माणूस याच टेबलावर, अर्ध्या झालेल्या चादरीवर, आडवा झाला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, अंगात पाण्याचा थेंब नाही. पुन्हा असं झालं तर घरी न्यायचं नाही, सरळ दवाखान्यात आणायचं. म्हणजे दुकानाला कुलूप. तेव्हापासून बायको रोज सकाळी मोठी बाटली भरून देई आणि संध्याकाळी रिकामी मोजून घेई. रिकामी बाटली बघून तिची छाती फुगे. नवरा माझ्या धाकात आहे, असं तिनं चार घरी सांगूनही झालं होतं. त्याचं तोंड दिवसेंदिवस वाळत चाललं होतं, पण तोंड जन्माचंच तसं, असं ती धरून चालली होती.

ती उठली. शर्ट उचलला, मुंग्या झटकल्या, आणि कॉलरला जीभ लावली. वकील दोन पावलं मागं सरकले. तिनं पुन्हा एकदा चाखून बघितलं.

"काल मीठ जरा जास्तच पडलं," ती म्हणाली.

बाप्ये बघतच राहिले. मग तिनं सांगितलं, की डॉक्टरांनीच पाण्यात मीठ-साखर घालायला सांगितली होती. नवऱ्याला कळवलं असतं तर मी काय तान्हं बाळ आहे का म्हणून बाटली घरीच ठेवून गेला असता. म्हणून ती गुपचूप घालत होती. बोलता बोलता तिनं टेबलावरची शिंपायची बाटली घेतली, झाकणाच्या भोकांतून तळहातावर चार थेंब घेतले आणि चाटले. तीच चव.

"अहो, रोजची बाटली कोण पीत होतं?"

"मीच की."

"तुम्ही, का साहेबांचा शर्ट?"

साक्षीदार फुटायला आला की वकिलांना वास लागतो. ते कपड्यांच्या गाठोड्यावर ऐसपैस बसले आणि मऊ आवाजात म्हणाले, सांगून टाक बाबा, मोकळा हो.

इस्त्रीवाला मोकळा झाला. पाणी पोटात गेलं, की ते बाहेरही निघणार. त्याला जागा एकच, समोरच्या सलूनच्या मागं. आणि सलूनवाल्याशी बोलणं बंद. त्याच्या नव्या शर्टाच्या पाठीवर याच्या इस्त्रीचा ठसा उठला होता, आणि पुढच्याच दाढीला त्यानं याची अर्धी मिशी उडवली होती. हात चुकला, असं दोघंही सांगत. तेव्हापासून हा अर्धी मिशी मिरवत होता आणि तो ठशाचा शर्ट, दोघंही पुरावा म्हणून. त्या उंबऱ्यावर पाय ठेवण्यापेक्षा तहानलेलं बरं. पण भरलेली बाटली फेकून द्यायची जिवावर येई, म्हणून कपड्यांवर मारली.

"छान," बायको म्हणाली. "तुमचं नाक वर राहू दे. उद्यापासून डबा मुंग्यांना आणते."

तिनं आजच्या बाटलीतून पेला भरला. इस्त्रीवाल्यानं वकिलांकडे बघितलं. वकील म्हणाले, दंड समज. त्यानं पेला रिकामा केला. तिनं दुसरा भरला, तोही केला. मग तिनं शर्ट नळाखाली धरून खळखळून काढला, पिळून टेबलावर टाकला आणि स्टूल दुकानाच्या तोंडाशी ओढून बसली.

इस्त्री आधी सावकाश चालली. मग भराभर. मग एकाच बाहीवरून नुसतीच जा-ये. इस्त्रीवाला या पायावरून त्या पायावर आला, परत या पायावर. पाण्यानं म्हणा, धास्तीनं म्हणा, कपाळाला घाम फुटला. आठवड्यात पहिल्यांदा फुटला.

"कोर्टात माझंही असंच चाललं होतं," वकील म्हणाले.

त्यानं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि रस्ता ओलांडला.

सलूनवाला गिऱ्हाइकाच्या डोक्यात गुंतला होता. पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा, नाकासकट उमटलेला. इस्त्रीवाला उंबऱ्यापाशी अडला. आरशात ठसेवाल्यानं अर्धी मिशी बघितली. नुसती कात्री वळली, मागच्या दाराकडे.

इस्त्रीवाला जवळजवळ धावलाच. तो दारापाशी पोचला तेव्हा सलूनवाल्यानं कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं.

"आतून कडी लागत नाही. गाणं म्हणत राहा."

इकडे दुकानाच्या तोंडाशी बायको कान देऊन बसली होती. वकीलही बनियनवर, मान तिरकी करून. जरा वेळानं सलूनच्या मागून आवाज आला. आधी दबका, मग कोणीतरी येत असावं तसा एकदम मोठा.

बायकोनं बाटलीचं झाकण उघडलं आणि तिसरा पेला काठोकाठ भरून ठेवला.