जाड कागद

प्रिंटरशेजारच्या फळीवर जाड कागदाचं पुडकं दिसलं आणि फिर्मिन दारातच थांबला.

सकाळीच तो हॉस्पिटलातून घरी आला होता. मागच्या खोलीत डोकावायचं काही कारण नव्हतं. पण ज्या माणसाने उभा जन्म या खोलीत गावातल्या मेलेल्यांची दुःखपत्रं छापली, तो स्वयंपाकघरात किती वेळ बसणार?

"कोण गेलं?" त्याने विचारलं. या घरात हा प्रश्न 'जेवलास का' इतका साधा.

गोडेलीव्ह दचकली. फिर्मिनची मुलगी, अंत्यविधीचा धंदा आता तीच नवऱ्याबरोबर चालवायची. "कुणी नाही, पपा. तुम्ही जरा पडा बघू."

"कुणी नाही, तर हा वर कशाला आणलाय?"

"असंच हो. तळघरात ओल आलीय."

"फ्लँडर्समधल्या तळघरात ओल नव्हती कधी?"

गिऱ्हाइकांचा राखाडी काठाचा पातळ कागद वरच, कपाटात असे. हा जाड, सायीच्या रंगाचा कागद फक्त घरच्यांचा. फिर्मिनची आई गेली तेव्हा वर आला होता, मग बायको गेली तेव्हा. एरवी तळघरात, जमिनीपासून उंच फळीवर, वेष्टनात बंद. आणि वर आणला की लगेच छापायचा नाही. हा नियम फिर्मिनचाच. एक दिवस, एक रात्र त्याला खोलीची हवा लागू द्यायची. घाई केली तर प्रिंटरच्या आतल्या धगीने ओलसर कागद पन्हळीसारखा वळतो. रडणाऱ्या माणसाच्या हातात वळलेलं पत्र देणारा या धंद्यात नालायक, असं तो म्हणायचा.

त्याने पुडक्यातला एक कागद ओढला आणि टेबलावर टाकला. कागद सपाट पडून राहिला. कोपरासुद्धा उचलला नाही.

"हा आजचा नाही," तो म्हणाला. "काल वर आलाय."

काल डॉक्टरांनी गोडेलीव्हला सहीसाठी म्हणून बाहेर बोलावलं होतं. परत आली तेव्हा नाक लाल. सर्दी झालीय म्हणाली होती.

हातात भांडी पुसायचं फडकं घेऊन योरिस आत आला. जावई. सासऱ्याच्या समोर कागद, बायकोचा चेहरा उतरलेला. त्याने लगेच तोंड उघडलं. "ते बेकरीवाल्याच्या आईसाठी, पपा. फार सिरियस आहे बिचारी."

"ओल आली, की बेकरीवाल्याची आई आली? दोघं आधी ठरवून घ्या."

"म्हणजे, दोन्ही..."

"बेकरीवाल्याची आई मघाशी सायकलवरून गेली. मला हात केला तिने. आणि तिला आपला कागद? ती कधीपासून माझी नातलग?"

योरिस फडक्याकडे बघत राहिला. मेलेल्याच्या घरी जाऊन खणखणीत खरं बोलणारी ही माणसं. शवपेटीचं माप विचारताना जीभ अडखळत नाही. जिवंत माणसापुढे मात्र फडकं पिळत उभी.

फिर्मिनला दुपारचं जेवण आठवलं. सूपमध्ये मीठ होतं, कधी नव्हे ते. बिअर योरिसने न मागता ओतली, आणि ग्लास संपल्यावर पुन्हा ओतली. हाच योरिस वर्षानुवर्षं एका ग्लासासाठी तोंड वाकडं करायचा, "तुमचं हृदय, पपा," म्हणून. आज बिशपच्या गाढवाच्या जुन्या विनोदालाही खदाखदा हसला. त्या विनोदाला तो लग्नातसुद्धा हसला नव्हता.

फळीवर पाकिटंही होती. फिर्मिनने एकाची चिकटवायची पट्टी उघडून बोट फिरवलं. प्रिंटरच्या धगीने आपोआप चिकटणारी नव्हती. गोडेलीव्हच्या हातातली पत्त्यांची लेबलंही लेझर प्रिंटरला चालणारीच.

"ही तू आणलीस," तो मुलीला म्हणाला. "योरिसने आणली असती तर शाईच्या प्रिंटरची आणली असती. डिंक वितळून सगळं आत बसलं असतं."

"एकदाच झालं ते!" योरिस म्हणाला.

"प्रिंटरही एकदाच मेला." मग तो गोडेलीव्हकडे वळला. "सगळं बरोबर केलंस, पोरी. मी शिकवलं तसं. एक चूक नाही."

तिच्या हातातली लेबलं खाली पडली. "डॉक्टर म्हणाले, तुम्हाला सांगू नका. निदान घरी थोडं बरं वाटू दे..."

"मला म्हणाले, घरी जा, आवडेल ते खा. तेव्हाच कळायला हवं होतं. मीठ खा असं सांगणारा डॉक्टर कधी पाहिलाय?"

बाहेर चर्चची घंटा झाली. योरिस सवयीने अंत्ययात्रेची टोपी घ्यायला खुंटीकडे वळला आणि तसाच थांबला.

फिर्मिनने टेबलावरचा कागद उचलून पुडक्यात सरकवला, वेष्टनाच्या कडा दुमडल्या आणि पुडकं बगलेत मारून तळघराच्या दाराकडे निघाला.

"पपा, खाली ओल आहे!"

"माहीत आहे."

"मग तो पुन्हा..."

"मग पुन्हा वर आणाल तेव्हा पुन्हा एक दिवस थांबावं लागेल. थांबा."

एकेका पायरीवर टेकत तो उतरत गेला. वर दोघं कान देऊन उभे. बऱ्याच वेळाने लाकडी फळीवर पुडकं ठेवल्याचा आवाज आला. मग खालून हाक आली.

"योरिस! बिअर ओत. आणि तोंड वाकडं करून ओत, रोजच्यासारखं!"