दोन फेऱ्यांचं पेट्रोल

"हे सगळं घेऊन जा," घड्याळजीची बायको म्हणाली. "स्टिअरिंग, पेडल, खुर्ची, सगळं. येता-जाता नजर पडते म्हणून चादर टाकून ठेवलीय."

वायरमन दारातच घुटमळला. तीन वर्षं दर रविवारी तो आणि घड्याळजी कॉम्प्युटरवरच्या शर्यतीत एकमेकांच्या मागेपुढे पळाले होते, हेडफोनवरून एकमेकांची उणीदुणी काढली होती. पण घरी यायची ही पहिलीच वेळ, आणि तीही घड्याळजीला जाऊन महिना झाल्यावर.

"सामान नको मला, वहिनी." ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. "त्याचा सेटअप बघायचा होता. एकदाच."

सेटअप म्हणजे गाडीची जुळवणी. टायरात हवा किती, स्प्रिंग किती कडक, टाकीत पेट्रोल किती. ग्रुपमधले बाकीचे आपापले सेटअप खुशाल वाटायचे. घड्याळजीने मात्र आपला कधी कुणाला दाखवला नाही. मागितला की हसायचा.

बाईने खुर्चीवरची चादर काढून घडी घातली.

वायरमन बसला. बारा फेऱ्यांची शर्यत लावली. काय जुळवली होती हो गाडी! सुरुवातीला जराशी जड, पण वळणावर अशी वळायची की बोटाने ढकलावी. लेका, तुझा हात म्हणजे हात, वायरमन मनात म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

बारावी फेरी झाली, झेंडा पडला. टाकीत अजून दोन फेऱ्यांचं पेट्रोल होतं.

त्याने दुसरा सेटअप उघडला. मग तिसरा. ट्रॅक कुठलाही असो, पेट्रोल दोन फेऱ्या जास्तच.

"येडाच म्हणायचा हा माणूस!" तो कळवळून म्हणाला. "वहिनी, पेट्रोल म्हणजे ओझं. दर शर्यतीत यानं ते फुकट वाहिलं. मागच्या वर्षी मी नखभर फरकाने जिंकलो. हे ओझं नसतं तर तो कप इथे असता. इतकं बारीक काम करणारा माणूस पेट्रोलात चुकला कसा?"

"चुकले नाहीत," ती म्हणाली. "ते माझं होतं."

वायरमनने वळून पाहिलं.

"शर्यत संपली की हे उठायचे आणि मला बसवायचे. पुढच्या दोन फेऱ्या माझ्या. वेगळी गाडी लावून देतो म्हणाले होते, पण मला तीच हवी असायची. सगळ्यांच्या गाड्या सावकाश परत निघालेल्या असतात ना, त्यांच्यातून जायला आवडायचं." ती जराशी हसली. "चालवता कुठे येतंय मला! भिंतीला घासत, गवतातून जायची. हे मागे उभे राहून म्हणायचे, घाई नको, आता आपल्याला कुणी मोजत नाही."

शर्यतीनंतर झोकांड्या खाणारी ती एकच गाडी वायरमनला आठवली. दर रविवारी तो हेडफोनमध्ये ओरडायचा, "घड्याळजी, पिऊन बसलास काय रे?" सगळा ग्रुप खदखदून हसायचा. घड्याळजीकडून कधी उत्तर यायचं नाही.

"तो आवाज तुमचाच ना?" बाईने विचारलं. "तेव्हा हेडफोन माझ्या कानाला असायचा."

वायरमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पडद्यावर गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती.

तो उठला. खुर्ची पुढे सरकवायला वाकला, तर खालच्या सरकपट्टीवर दोन बारीक खुणा कोरलेल्या. एक घड्याळजीच्या उंचीची, एक तिच्या. खुर्ची त्याने पुढच्या खुणेवर नेली.

"बसा, वहिनी."

"मी? आता कशाला?"

"टाकीत अजून दोन फेऱ्या आहेत."

तिने हातातली चादर बाजूला ठेवली. मग बसली. वायरमन मागे उभा राहिला, दोन्ही हात पाठीशी बांधून. गाडी हलली आणि पहिल्याच वळणावर भिंतीला घासली.

"घाई नको," तो म्हणाला.