तळ्यातलं गवत

गवत कापायचं यंत्र पाण्यात उतरवून झालं होतं. यंत्रवाला त्याच्यावर बसून निवांत चहा पीत होता. तळ्याचा कारभार बघणारे साहेब काठावर छत्री धरून उभे होते.

"अर्ज तुमच्या आईंचा आहे," ते लेकीला म्हणाले. "त्या नको म्हणाल्या, तर यंत्र आत्ता परत नेतो. मलाही उन्हात उभं राहायची हौस नाही. पण तुमच्या एकटीच्या सांगण्यावरून नाही थांबवता येणार."

लेकीची सगळी नोकरी या तळ्याच्या पाण्यातलं शेवाळ तपासण्यात गेली होती. गवत काढू नका म्हणून ती सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडली होती. पण तिचा धाकटा भाऊ गेल्या उन्हाळ्यात याच गवतात पाय अडकून बुडाला होता. त्याच्या पायांभोवतीचे वेढे आईने स्वतःच्या हातांनी सोडवले होते. तेव्हापासून आईने गवत काढा म्हणून घरोघरी सह्या मागितल्या. रोज काठावर जाऊन पोहणाऱ्या पोरांना रागावून पाहिलं, हात जोडून पाहिले. पोरं हसून पुन्हा उडी मारायची. अशा आईला नाही कोण म्हणणार? लेकीलाही ते आजवर जमलं नव्हतं.

तिने आईला काठावरच्या तपासणीच्या खोलीत नेलं आणि मायक्रोस्कोपसमोर बसवलं. आईने चष्मा काढून डोळा लावला.

"अगंबाई, केवढी ही गर्दी! आणि हे सोनेरी होडीसारखं काय गं?"

"तेही शेवाळच. नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. कितीतरी जाती आहेत त्यात."

"एवढ्या जावा एका घरात, आणि भांडण नाही?"

किती महिन्यांनी आई थट्टेत बोलली होती. लेकीला भरून आलं.

"भांडण आहे गं. पण गवत कुणा एकीला डोक्यावर बसू देत नाही. तळं उथळ आहे, आई. गवताने गाळ धरून ठेवलाय. शेवाळ खाणारे बारीक किडे त्याच्याच आडोशाला राहतात. गवत गेलं की वारा गाळ ढवळणार, किडे माशांच्या पोटात जाणार आणि शेवाळाची एकच जात माजणार. पाण्यावर हिरवी साय धरेल. मासे मरतील. गढूळ पाण्यात ऊन तळाशी पोचणार नाही, म्हणजे नवं गवतही रुजणार नाही. असं बिघडलेलं तळं सहजासहजी सुधारत नाही गं. मी हात जोडते तुझ्यापुढे."

आईने मायक्रोस्कोपवरून डोळा काढला. लेक तिच्या शेजारी टेकली.

"मलाही राग येतो त्या गवताचा. रोज येतो. तरी सांगतेय."

"माहितेय मला." आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मग त्या पाण्यात पोहायला कोणी उतरणार नाही?"

"पोहायला? अंगावर पुरळ उठेल, पोटात गेलं तर माणूस आजारी पडेल. आणि वास असा सुटेल, की काठावरसुद्धा कोणी फिरकणार नाही."

"पोरंसुद्धा?"

"पोरंसुद्धा."

आईने मान हलवली. तिला सगळं नीट समजलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. लेकीचा जीव भांड्यात पडला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं.

आईने चष्मा लावला. सावकाश उठून ती बाहेर गेली आणि पाण्याच्या कडेला उभी राहिली. यंत्रवाल्याने चहाचा पेला खाली ठेवला.

"दादा," आई म्हणाली, "एक काडीसुद्धा ठेवू नका."