घरापुरती एक प्रत

तिनं डोळे मिटले आणि गायकाच्या अंगाचा तिळपापड झाला.

रोजचंच होतं हे. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की त्याची बायको बाहेरच्या खोलीत यायची, रेकॉर्ड प्लेअरवर तीच ती तबकडी लावायची आणि खुर्चीत डोकं मागं टेकून बसायची. सगळी उदास गाणी. मागं व्हायोलिनांचा मोठा ताफा आणि त्यावर तरंगणारा एका तरुणाचा आवाज. तो ऐकून माणसं अजून डोळे पुसायची. गायकाला मात्र त्या तरुणाचं नावही नको होतं. तो तरुण म्हणजे तो स्वतःच होता, पण म्हणून काय झालं? ती बसायची ती त्याच्यासाठी, याच्यासाठी नव्हे.

आता गायकाचा आवाज वरच्या स्वरांशी पोचता पोचता बसायचा. आंघोळीला गेल्यावर तो काही गुणगुणला तर बायको बाहेरून ओरडायची, "अहो, गिझर बंद केलात का?" आणि त्या पोरासाठी मात्र डोळे मिटून, श्वास रोखून! दारावरची बेल वाजली तरी बाई जागची हलायची नाही.

"बाबा, माणसं दुसऱ्यांवर जळतात. तुम्ही कुठं स्वतःवरच जळत बसलाय?" लेक फोनवर हसायची.

"तुला नाही कळायचं. त्या रेकॉर्डिंगच्या वेळीच आमची ओळख झाली. ती भाळली ती त्याच्यावर. संसार तेवढा माझ्याशी केला."

हे बोलून झालं की त्याला आणखीच वाईट वाटायचं. त्या पोराला दुःख कशाशी खातात हे तरी ठाऊक होतं का? रेकॉर्डिंगच्या आठवड्यात त्याला सर्दी झाली होती आणि नवे बूट चावत होते. काचेच्या खोलीत, वादकांकडं पाठ करून तो उभा राहिला होता. आपली ओळ आली की गायचं, संपली की कोमट पाणी प्यायचं. तेवढ्यावर लोक म्हणाले, काय काळीज पिळवटून गायलाय! खरं दुःख आत्ता कुठं कळायला लागलं होतं. मित्र गेले, आवाज गेला. तीच गाणी आता गायली असती तर अर्थ कळून गायली असती. पण ऐकणार कोण?

कंपनीनं ती तबकडी नव्यानं काढायची ठरवली तेव्हा ध्वनिमुद्रकानं त्याला स्टुडिओत बोलावून नवं यंत्र दाखवलं. एक बटण दाबलं की नुसता गळा. दुसरं दाबलं की नुसती वाद्यं. त्या तरुणाचा आवाज बंद झाला आणि गायकाच्या डोक्यात चक्रं फिरू लागली.

"यावर मी आज गायलो तर?"

ध्वनिमुद्रक घुटमळला. "साहेब, रागावू नका, पण लोकांना जुनाच आवाज हवाय."

"लोकांना द्या जुना. मला एकच प्रत हवी. घरापुरती."

मग तो फिरायला म्हणून बाहेर पडायचा आणि तडक स्टुडिओ गाठायचा. एकेका ओळीसाठी त्यानं घाम गाळला. वरचे स्वर निघेनात तिथं ते हळूच, बोलल्यासारखे म्हटले. कधी नव्हे ते गाताना त्याला हुंदका आला. तोही त्यानं तसाच राहू दिला.

प्रत हातात आली त्या दिवशी त्यानं जुनी तबकडी स्वेटरांच्या घडीखाली दडवली आणि नवी जुन्या कव्हरात सरकवली.

दुपारी बायको आली, तबकडी लावली, खुर्चीत बसली. तो पेपरआडून बघत होता. त्याचा थकलेला आवाज खोलीभर पसरला. बायकोनं डोळे उघडले नाहीत. पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याच्या मध्यावर नेहमीसारखंच तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते हाताच्या पाठीनं टिपलं. गायकाला उठून नाचावंसं वाटलं. जिरली पोराची! आज बायको याच्यासाठी रडली होती, आज आहे त्या आवाजासाठी.

तबकडी संपली. त्याला राहवेना.

"कशी वाटली?"

"आज स्वच्छ ऐकू आली. खरखर नव्हती. पुसलीत का?"

"आणि आवाज? आवाज कसा वाटला?"

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? गाणाऱ्याचा!"

बायको गोंधळली. मग ओशाळून हसली.

"खरं सांगू? गाण्याकडं माझं लक्षच नसतं हो. तिसऱ्या गाण्यात, कडव्यांच्या मधे, एकटंच व्हायोलिन वाजतं ना, ते माझं आहे. मोठे वादक त्या दिवशी आजारी पडले, म्हणून मला मिळालं. ते येईपर्यंत वाट बघते. येऊन गेलं की तेच आठवत बसते."

लग्नाआधी ती त्या ताफ्यात वाजवायची, एवढं गायकाला माहीत होतं. पुढं काही विचारायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

"पण रोज? रोज तेच ऐकायचं?"

"मग काय करू?" तबकडी कव्हरात घालत ती म्हणाली. "लग्न झाल्यावर माझं व्हायोलिन दुसरीकडं कुठं वाजलंच नाही."