बंदूकवाला

धाडकन आवाज झाला आणि वेंडेल क्रेब्ज होता तिथेच खाली बसला. हातातली कुत्र्याच्या खाण्याची पिशवी पडून फुटली, दाणे फरशीवर पसरले. आवाज दुकानाच्या मागच्या बाजूने आला होता. एकदाच. छतावरच्या स्पीकरमधलं गाणं मात्र चालूच होतं.

लोर्ना कुठे आहे? ‘पडदे बघून येते’ म्हणून त्याची बायको गेली होती. पडदे मागच्याच बाजूला होते.

त्याचा हात आपोआप शर्टाखाली गेला आणि कमरेचं पिस्तूल घेऊन बाहेर आला. अकरा वर्षं ते तिथेच होतं. वेंडेल गॅसची गाडी चालवायचा तेव्हा एका भर दुपारी कुणीतरी खिडकीतून हात घालून त्याच्या गळ्याला सुरा लावला होता. घड्याळ गेलं, जीव वाचला. पण त्या दिवसापासून वेंडेल पिस्तुलाशिवाय उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. चर्चमध्येसुद्धा नाही, नातीच्या बारशालासुद्धा नाही. हॉटेलात तो दाराकडे पाठ करून बसत नसे. दर शनिवारी नेमबाजीच्या वर्गाला जाऊन कागदी माणसांवर नेम धरायचा. या अकरा वर्षांत ते एकदाही बाहेर काढावं लागलं नव्हतं.

“बंदूक! अगं बाई, बंदूक आहे!”

फडताळांच्या रांगेच्या टोकाशी एक बाई ट्रॉली सोडून किंचाळली. तिचे डोळे वेंडेलच्या दिशेने होते. म्हणजे तो बंदूकवाला आपल्या पाठीमागे आहे! वेंडेल गर्रकन वळला. मागे कुणीच नव्हतं.

आता सगळं दुकानच पळत सुटलं. ट्रॉल्या एकमेकींवर आदळल्या, कुठेतरी काच फुटली. “आईऽ” म्हणून कुणीतरी हंबरडा फोडला. दोन मुली, असतील सतराअठराच्या, धावत त्याच्या रांगेत शिरल्या आणि त्याला बघून थबकल्या. अशा वेळी पळणारा माणूस आधी मरतो, हे वेंडेलला त्या नेमबाजीच्या वर्गात शिकवलं होतं.

“खाली बसा!” तो ओरडला. “हलू नका! अजिबात हलू नका!”

दोघी फतकल मारून बसल्या. एक तोंडावर हात दाबून रडायला लागली.

“काही होणार नाही,” तो म्हणाला. “मी सांगतो तेवढं करा.”

पाठ फडताळाला लावून तो रांगेच्या टोकापर्यंत सरकला आणि त्याने हळूच डोकावून पाहिलं. फरशीवर ॲल्युमिनियमची भलीमोठी शिडी आडवी पडली होती. शेजारी रंगाचा एक डबा फुटून पांढरं थारोळं झालं होतं. बस्स. पण शिडी पडली म्हणून कुणी बंदूक बंदूक करून ओरडत नाही. तो इथेच कुठेतरी आहे. वेंडेलच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. पुसायला हात रिकामा नव्हता.

खिशात फोन थरथरला. पिस्तुलावरचा एक हात सोडून त्याने तो कानाला लावला. लोर्ना.

“वेंडेल,” ती अगदी दबक्या आवाजात बोलत होती. “तू बाहेर पडलास ना रे?”

“नाही. तू कुठे आहेस? लागलं नाही ना कुठे?”

“मागच्या कोठारात. नऊजण आहोत, दार आतून लावलंय. आत बंदूकवाला शिरलाय, वेंडेल.”

“माहितेय. तुम्ही पाहिलात? कुठे आहे तो?”

“मी नाही, इथल्या एका बाईने पाहिला. धिप्पाड आहे म्हणे, पांढऱ्या दाढीचा. कुत्र्याच्या खाण्याच्या रांगेत उभा आहे. दोन पोरींना धरून ठेवलंय त्याने. खाली बसवलंय, हलूसुद्धा देत नाही.”

वेंडेलने मुलींकडे पाहिलं. त्या त्याच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. त्याच्या हाताकडे बघत होत्या.

“ऐकतोयस ना?” लोर्ना म्हणाली. “अकरा वर्षं तुझ्यामागे भुणभुण केली मी, घरी ठेव ते, घरी ठेव. चुकलंच माझं. आत्ता आहे ना तुझ्याजवळ?”

“आहे.”

“मग वाट कुणाची बघतोस? मार त्याला. त्या पोरींना काही करायच्या आत मार.”

बाहेर सायरन वाजायला लागले होते. एक, मग दुसरा, मग किती ते कळेना. पिस्तूल त्याने मुलींपासून बाजूला वळवलं, तर ती रडणारी मुलगी आणखीच अंग चोरून बसली.

“जा,” तो म्हणाला. “जा पोरींनो, पळा.”

त्या हलल्या नाहीत.

“कुणाशी बोलतोयस?” लोर्नाने विचारलं.

“लोर्ना,” त्याला आपलाच आवाज परका वाटला, “सगळ्यांना सांग, भिऊ नका. तो बंदूकवाला मीच आहे. दुसरं कुणी नाहीये इथे. एक शिडी पडली, एवढंच.”

पलीकडे कुणीतरी काहीतरी कुजबुजलं, कुणीतरी “श्शू” केलं. मग लोर्ना, दारात आलेल्या अनोळखी माणसाशी बोलतात तशी, जपून, एकेक शब्द मोजत बोलली.

“आधी ते खाली ठेव, वेंडेल. ठेवलंस की सांग. तोवर आम्ही दार उघडणार नाही.”