दोघी बाकाखाली

शिहोनं शाळेत येणं सोडलं, तेव्हापासून तिच्या बाकावर टॅब्लेट असायचा. घरी बसून ती वर्ग ऐकायची. पण तिनं कॅमेरा कधी सुरू केला नाही, की तोंडातून शब्द काढला नाही. आज भूकंपाच्या सरावाची घंटा झाली. डोकं वाचवायला खुर्च्यांवर ठेवलेल्या जाड कापडी टोप्या ओढून मुलं बाकांखाली शिरली. रित्सु मात्र शेजारच्या बाकाकडे वळली. तिनं शिहोची टोपी टॅब्लेटवर चढवली आणि तो छातीशी धरला. “वस्तू जिथल्या तिथं टाकायच्या!” सर ओरडले. “वस्तू नाही, सर, शिहो आहे ही. हिला वर सोडून मी खाली जाणार नाही.” “बरं बाई, दोघी शिरा आधी खाली!” बाकाखाली टोपीतून आवाज आला, “अगं, काही दिसत नाहीये मला.” रित्सुनं टोपी सरकवली. पडद्यावर शिहो होती: घरच्या टेबलाखाली, डोक्यावर उशी धरून बसलेली.